अकरा टनांचा माणूस

वाफाळे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. कारखान्यात नव्याने लागलेला माणूस मात्र हमखास फसायचा. हजेरीपत्रकात 'वाफाळे' शोधत बसायचा, सापडलं नाही की हजेरीबाबूशी वाद घालायचा, आणि मग सगळे हसायचे. सत्तावीस वर्षं ज्याने बॉयलरपुढे काढली, ज्याच्या सदऱ्याला, केसांना आणि जेवणाच्या डब्यालासुद्धा कोळशाचा वास कायमचा चिकटला, त्याला दुसरं आडनाव शोभलंही नसतं.

कारखाना कापड रंगवण्याचा. पुढच्या बाजूला काचेचं कार्यालय, मध्ये रंगाच्या मोठमोठ्या टाक्या आणि अगदी मागे, गटाराला लागून, बॉयलरची खोली. टाक्यांना उकळी यायची ती वाफेने, आणि वाफ जायची इथून. या खोलीत तीनच गोष्टी चकचकीत असायच्या: पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, दाबाचं घड्याळ आणि वाफाळ्यांचा चष्मा. बाकी सगळ्यावर राख.

बॉयलरवाल्यांची बोलायची एक तऱ्हा असते. ते बॉयलरला 'तो' म्हणत नाहीत, 'मी' म्हणतात. "मला पाणी कमी पडतंय." "मी साडेदहाच्या दाबावर आहे, वाफ सोडू का?" "कोळसा ओला आलाय, सकाळपासून नुसता धुमसतोय मी." बाहेरच्याला वाटावं, या माणसाला आधी दवाखान्यात न्या. वाफाळे शिकाऊ होते तेव्हा त्यांच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की 'त्याचा' दाब वाढला म्हणणारा माणूस खुशाल जेवायला निघून जातो, 'माझा' दाब वाढला म्हणणारा जागचा हलत नाही. वाफाळ्यांनी ते असं मनावर घेतलं की घरीसुद्धा तीच भाषा. संध्याकाळी ते दारात चपला काढत असताना बायको आतून विचारायची, "आज किती जाळलं?" आणि ते म्हणायचे, "अकरा." म्हणजे अकरा टन कोळसा. दुसऱ्या घरांत नवरा आला की दिवस कसा गेला म्हणून विचारतात. इथे एवढ्यात भागायचं.

पूर्वी हे उत्तर 'नऊ' असायचं. सहा वर्षांपूर्वी कारखान्याचं छप्पर दुरुस्त केलं, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी दक्षिणेकडच्या वाफेच्या पाइपावरचं जाड आवरण ओरबाडून काढलं आणि परत घातलंच नाही. चाळीस फूट पाइप उघडा पडला. त्याच गडबडीत पाइपावरचे तीन ट्रॅप बिघडले. ट्रॅप म्हणजे छोटी लोखंडी डबी, पाइपात गार होऊन साचलेलं पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ आत अडवायची एवढंच तिचं काम. या तिन्ही डब्या उघड्याच अडकून बसल्या आणि त्यांतून वाफ दिवसरात्र फुस्स करत गटारावर सुटायला लागली. कापड तेवढंच, रंग तेवढाच, पण कोळसा नवाचा अकरा झाला.

वाफाळ्यांनी ते लॉगबुकात लिहिलं. दाब, पाणी, कोळसा लिहून झाला की शेवटच्या रकान्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ असायची: 'दक्षिण लाइन उघडी. ट्रॅप तीन नादुरुस्त. वाफ वाया.' दर आठवड्याला वही मोठ्या साहेबांकडे जायची आणि प्रत्येक पानाखाली लाल शाईत एक शब्द आणि सही घेऊन परत यायची. शब्द असा: 'पाहिले.' सहा वर्षं वाफाळे लिहीत होते आणि सहा वर्षं साहेब पाहत होते. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला जो शब्द सुचतो तो छापता येत नाही.

आणि एके दिवशी फाटकापासून कँटीनपर्यंतच्या फरशीवर हिरव्या कागदाची पावलं चिकटवलेली दिसली.

ज्या बड्या दुकानदारांना कारखाना कापड विकायचा, त्यांनी म्हणे विचारलं होतं की तुमच्यामुळे हवेत कार्बन किती जातो ते सांगा. म्हणून एक नव्या बाई नेमल्या होत्या. त्यांचं पद चार शब्दांचं होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या 'पाऊलबाई' झाल्या. पोर चांगली होती, तिशीच्या आतली, तळमळीची. तिने कँटीनमध्ये सगळ्यांना बसवून समजावलं. आपण जे जाळतो, जे खातो, जे विकत आणतो, त्यातून हवेत वायू जातो, त्याने पृथ्वी तापते. प्रत्येकाच्या वाट्याचा वायू मोजता येतो. त्या मापाला कार्बनचं पाऊल म्हणतात. ज्याचं पाऊल लहान तो शहाणा. मागे पडद्यावर अक्षरं होती: 'माझं पाऊल, माझी जबाबदारी.' पहिल्या रांगेत मोठे साहेब मान डोलावत होते. ते घरून कारखान्यात एकटे यायचे, सात माणसं मावतील अशा गाडीतून.

मग फॉर्म वाटले. कामाला कसे येता, घरात पंखे किती, अंघोळीला गरम पाणी घेता का, मांस खाता का. नववा प्रश्न होता: 'तुम्ही रोज किती इंधन जाळता? आठवड्यातून किती दिवस?'

बाईंना विचारायचं होतं ते स्कूटरच्या पेट्रोलचं. पण हा प्रश्न वाफाळ्यांना सत्तावीस वर्षं रोज संध्याकाळी दारात विचारला जात होता आणि त्याचं उत्तर त्यांना विचार करून द्यावं लागत नव्हतं. त्यांनी लिहिलं: 'अकरा टन. सहा दिवस.' त्यात थट्टा नव्हती की टोमणा नव्हता. हाताने जे रोज लिहिलं तेच हाताने परत लिहिलं.

फॉर्म संगणकात भरणाऱ्याने डोळे मिटून ते भरलं. आठ दिवसांनी दुपारच्या सुट्टीत कँटीनच्या पडद्यावर निकाल लागला. सगळ्यांची पावलं दीड टन, दोन टन, अडीच टन. शेवटच्या ओळीत वाफाळे. वर्षाला सहा हजार नऊशे टन. आणि खाली संगणकाने आपल्या बुद्धीने जोडलेलं वाक्य: 'सगळी माणसं तुमच्यासारखी जगली तर तीन हजार चारशे पन्नास पृथ्व्या लागतील.'

हसून हसून कँटीन फुटायचं बाकी राहिलं. एकाने वाफाळ्यांच्या चपलेचं माप विचारलं. दुसरा म्हणाला, "एवढं मोठं पाऊल, आणि माणूस बघा, फुंकर मारली तर उडेल." वाफाळेही हसले. "माझं पाऊल आजवर कधी वाकडं पडलं नाही," ते म्हणाले, "हे मोठं कधी झालं कळलंच नाही." पाऊलबाई ओशाळून धावत आल्या, चूक झाली, तो कोळसा कंपनीचा, तुमचा नाही काका, म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी आकडा दुरुस्त केला. वाफाळ्यांचं खरं पाऊल निघालं एक टन सहाशे किलो. कारखान्यातलं जवळजवळ सगळ्यात लहान.

पण पहिला आकडा त्यांच्या डोक्यातून जाईना. ते पाऊलबाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"ताई, एक विचारू? वर्षाला मी साडेतीन हजार टनांच्या आतच जाळतो. धुरांड्यातून सहा हजार नऊशे कसे जातील? आत गेलं त्याच्या दुप्पट बाहेर कसं येईल?"

"काका, जळताना कोळशातला कार्बन हवेतला ऑक्सिजन धरतो ना. त्याचंही वजन येतं. एक टन कोळशामागे साधारण दोन टन वायू."

"म्हणजे हवासुद्धा मीच घेतो आत, आणि अशी करून सोडतो."

"तुम्ही नाही. बॉयलर."

"तेच म्हणतोय मी."

बाहेर येऊन त्यांनी धुरांड्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षं त्या धुराचा रंग पाहूनच ते आग सांभाळत आले होते. धूर काळा नसला, फिकट असला, की आग चांगली लागली असं समजायचे आणि खूश व्हायचे. जो दिसत नाही त्याचं वजन असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा आपल्या कामाची शरम वाटली. आणि मला राग येतो तो इथे. शरम कुणाला वाटायला हवी होती आणि वाटली कुणाला.

बाईंनी एक पत्रकही दिलं होतं, पावलाच्या आकाराचं, घरी लावायला. वाफाळ्यांनी ते न्हाणीघराच्या दाराला चिकटवलं आणि तो हुकूम असल्यागत वागायला लागले. बसने जायचे ते सहा किलोमीटर चालत जायला लागले. पंखा बंद. दिवा एकच. पत्रकात तिसऱ्या ओळीवर होतं: 'अंघोळीला गार पाणी वापरा.' त्यांनी पाणी तापवायचा बंब बंद करून टाकला.

बायको घरी शिवणकाम करायची. काजं, गुंड्या, फाटलेल्या चेनी. गेल्या चार वर्षांत तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली होती. सकाळी उठली की बोटं वळायची नाहीत. दोन बादल्या गरम पाण्याने अंघोळ केली, त्यातच हात बुडवून बसली, की मग हळूहळू सुटायची आणि सुई धरता यायची. हे वाफाळ्यांना माहीत होतं. तरी त्यांनी बंब बंद केला.

"अहो, माझ्यापुरतं तरी," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"अगं, सगळ्यांनी आपापल्यापुरतंच म्हटलं तर झालं मग. मी बाहेर काय जाळतो ते बघ. घरात तरी कमी करू."

ती मुकाट्याने गार पाण्याने अंघोळ करायला लागली. जगाला वाचवायला निघालेल्या नवऱ्याशी काय भांडायचं? अडीच महिने असे गेले. थंडीचे दिवस होते. सकाळची शिवणं दुपारवर गेली, दुपारची तशीच राहायला लागली. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. ती बोलली नाही, आणि ती बोलत नाही हे वाफाळ्यांच्या लक्षात आलं नाही. पृथ्वीचा ताप ज्याने मनावर घेतला, त्याला घरातली सूज दिसली नाही.

एका सकाळी ते डबा घेऊन निघताना मागे वळले तर ती तशीच उभी, पोलक्याची गुंडी लावायचा प्रयत्न करत. गुंडी बोटांतून निसटायची, ती परत धरायची, परत निसटायची. जन्मभर जिने गावाच्या गुंड्या लावल्या, तिला स्वतःची लावता येत नव्हती. वाफाळ्यांनी पुढे होऊन गुंडी लावली. तिने मान वर केली नाही.

"दोन बादल्यांनी बुडतं का हो जग?" तिने विचारलं.

तिने चिडून विचारलं असतं तर त्यांनी पत्रकातलं काहीतरी ऐकवलं असतं. पण तिने खरंच विचारलं होतं, आणि त्यांना उत्तर माहीत नव्हतं.

कारखान्यात गेल्यावर त्यांनी बॉयलरवर जोडीदाराला बसवलं आणि एक बादली घेतली. वीस लिटर गार पाणी भरून ती गटाराच्या कडेला नेली, पहिल्या बिघडलेल्या ट्रॅपखाली धरली आणि वाफेची नळी पाण्यात बुडवली. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. अर्ध्या मिनिटातच पाणी अंघोळीला हवं तेवढं तापलं. बादली काट्यावर ठेवली तर पाणी एकवीस किलो भरलं. म्हणजे एक किलो वाफ आत गेली होती. एक किलो वाफ, एक बादली.

पुढच्या हिशेबाला त्यांना कागद लागत नव्हता. एक टन कोळशात त्यांच्या बॉयलरची साडेपाच टन वाफ होते, हे ते झोपेतही सांगतील. नवाचे अकरा झाले, म्हणजे रोज दोन टन कोळसा वाया. दोन टनांची अकरा टन वाफ. अकरा हजार बादल्या. रोज. मिनिटाला साडेसात. बायकोने अडीच महिने बोटं गोठवून ज्या दीडशे बादल्या वाचवल्या होत्या, त्या कारखान्याने वीस मिनिटांत गटारात ओतल्या होत्या.

वाफाळे त्या बादलीजवळ उकिडवे बसले. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती या माणसाची इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेली. आगीजवळ राहून तो थंड झाला होता. आता त्याला स्वतःचा राग आला, त्या पावलाच्या आकाराच्या कागदाचा आला, आणि मग तो राग चालत चालत काचेच्या कार्यालयाकडे निघाला.

पाऊलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कंपनीचा अहवाल उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, यात कोळसा रोज नऊ टन लिहिलाय."

"कुणी सांगितला?"

"बॉयलर बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकावरून घेतला. साहेब म्हणाले तेच धरा."

"मला विचारायचं होतं. मी लिहून दिलं होतं की. तुमच्याच फॉर्मवर. नववा प्रश्न."

बाई बिचाऱ्या सरळ मनाने साहेबांकडे गेल्या, की आकडा चुकलाय, दुरुस्त करू या. सरळ मनाच्या माणसांनी वरच्या मजल्यावर एकटं जाऊ नये. तासाभरात वाफाळ्यांना बोलावणं आलं.

साहेबांच्या टेबलावर एक कोरं लॉगबुक होतं.

"बसा वाफाळे. सोमवारी दुकानदारांचा तपासनीस येतोय. तो एका वर्षाचं लॉगबुक बघणार. तुमची वही राखेने फार मळलीय, यात नीट उतरवून काढा. कोळसा रोज नऊ लिहा. आणि ते शेवटच्या रकान्यातलं तुमचं काय ते असतं, ते नको."

"साहेब, जाळतो मी अकरा."

"अहो, आकडाच आहे. हातासरशी त्या फॉर्मवरही लिहून द्या, की नववं उत्तर चुकून लिहिलं."

"ते चुकून लिहिलं होतं," वाफाळे म्हणाले. "आता चुकून नाही. पाइपावर आवरण घाला, ट्रॅप बदला. आठ दिवसांचं काम आहे. मी खरंच नऊवर येतो, मग लिहितो नऊ."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "उभ्या-उभ्या दमत असाल आता. फाटकावर एक जागा आहे, बसून काम. विचार करा. सोमवारपर्यंत."

बॉयलरवाल्याला बॉयलरवरून उठवणं म्हणजे काय, हे साहेबांना ठाऊक नव्हतं असं नाही. 'मी' म्हणायचं ते कुणाला, एवढंच त्यात जातं. वाफाळे कोरी वही तिथेच ठेवून खाली आले.

त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी आधी न्हाणीघराच्या दारावरचं पाऊल फाडलं. मग बंब चालू केला. पाणी तापेपर्यंत बायकोला सगळं सांगितलं, वीस मिनिटांचा हिशेबसुद्धा.

"मी तुला गोठवलं," ते म्हणाले. "त्यांच्या गटारासाठी."

ती गरम पाण्यात मनगटापर्यंत हात घालून बसली होती. मग म्हणाली, "मला मूर्ख बनवलं, त्याचं काही नाही. मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. पण तुमचा विश्वास त्यांनी असा वापरला? मी असते तर ती वही त्यांच्या टाळक्यात घातली असती."

"जाड आहे ती," वाफाळे म्हणाले.

"म्हणूनच."

सोमवारी तपासनीस आला. किडकिडीत, मृदू बोलणारा, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेला. बॉयलरच्या खोलीत टेबल मांडलं होतं आणि त्यावर स्वच्छ लॉगबुक. वाफाळ्यांनी लिहिलं नाही म्हणून कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. गोल, वळणदार अक्षर. नऊ, नऊ, नऊ. शेवटचा रकाना कोरा. खाली वाफाळ्यांच्या नावाची सही. तीही वळणदार.

मागे दक्षिणेकडचा पाइप पांढऱ्या ताडपत्रीत गुंडाळला होता. वाफ तिच्यातूनही डोकं काढत होती.

तपासनीसाने वही चाळली आणि वाफाळ्यांना विचारलं, "तुम्हीच चालवता ना? रोज साधारण किती जळतो?"

"मी अकरा टन जाळतो."

साहेब मोठ्याने हसले. "यांच्या बोलण्यावर जाऊ नका. आमचे वाफाळे म्हणजे एक वल्ली आहेत. स्वतःच्या फॉर्मवरसुद्धा अकरा टन लिहून बसले होते. साडेतीन हजार पृथ्व्या लागतात यांना." साहेबांबरोबर आलेले सगळे हसले. तपासनीसही थोडा हसला आणि पान उलटलं.

हे वाफाळ्यांना अपेक्षित नव्हतं. खोटं पाडतील, दटावतील, एवढी त्यांची तयारी होती. पण त्यांचीच चूक, जिच्यावर ते स्वतः हसले होते, ती साहेबांनी त्यांच्या तोंडावर झाकणासारखी ठेवली. खरं बोलायला तोंड उघडावं तर आधीच विनोद झालेला.

मग ते कोळशाच्या फावड्यांमागच्या लोखंडी कपाटाशी गेले. बॉयलरच्या जुन्या वह्या बॉयलरजवळच ठेवायच्या, ही उस्तादांची शिस्त. साहेबांना ते कपाट आहे हेच माहीत नव्हतं, कारण त्या कोपऱ्यात राख असायची. वाफाळ्यांनी सहा वह्या आणून त्या स्वच्छ वहीवर ठेवल्या. टेबलावर काळं उडालं.

"माझं राहू द्या," ते म्हणाले. "माझ्या बोलण्यावर जाऊच नका. ताई, तुम्ही वाचा. मधलं काही नको. शेवटचा रकाना आणि त्याच्या खालचं लाल."

पाऊलबाईंनी साहेबांकडे पाहिलं नाही. वरची वही उघडली.

"दक्षिण लाइन उघडी. ट्रॅप तीन नादुरुस्त. वाफ वाया," त्यांनी वाचलं. "पाहिले. आणि सही."

"पुढचं."

"दक्षिण लाइन उघडी. ट्रॅप तीन नादुरुस्त. वाफ वाया. पाहिले."

"पुढची वही."

त्या पानं उलटत गेल्या आणि वाचत गेल्या. वाया. पाहिले. वाया. पाहिले. साहेब एकदा म्हणाले की हे अंतर्गत कागद आहेत, दुसऱ्यांदा म्हणाले की एक फोन करायचा राहिलाय, आणि काढता पाय घेतला. जाताना त्यांचा बूट राखेत उमटला. चांगला मोठा होता.

आता इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. तपासनीसाने आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि मृदू आवाजात सुधारणेला वीस दिवस दिले. जे काम सहा वर्षांत झालं नव्हतं ते नऊ दिवसांत झालं. पाइपावर आवरण चढलं, तिन्ही ट्रॅप बदलले, गटारावरची वाफ बंद झाली. कोळसा नऊ टनांवर आला. कारखान्याला प्रमाणपत्र मिळालं आणि फाटकावर मोठा फलक लागला: 'कार्बनमध्ये अठरा टक्के घट.' त्यावर साहेबांचा फोटो आहे, हातात रोप धरलेला. पाऊलबाईंनी राजीनामा दिला, की त्यांच्याकडून घेतला, हे दोन्ही प्रकारे सांगतात.

त्या फलकाखाली, फाटकावरच्या खोलीत, वाफाळे बसतात. आलेल्या-गेलेल्याचं नाव लिहितात. वयोमानाप्रमाणे हलकं काम दिलं, असं पत्रात लिहिलंय. तिथून धुरांडं दिसतं. धूर जरा काळपट झाला की हे खुर्चीतून अर्धवट उठतात आणि परत बसतात.

पहिल्या दिवशी ते तिथून घरी आले, दारात चपला काढल्या, आणि आतून सवयीने आवाज आला, "आज किती जाळलं?"

विचारल्यावर तिच्या लक्षात आलं. ती दारात आली, ओल्या हातांनी.

वाफाळे तिच्या अंगावरून न्हाणीघरात गेले. बंब चालू केला आणि खाली बादली सरकवली. पाण्यातून वाफ निघेपर्यंत तिथेच, सवयीने, डोळ्यात तेल घालून उभे राहिले.

"दोन बादल्या," ते म्हणाले. "मी दोन बादल्या जाळल्या. उद्याही जाळणार. कुणी विचारायला आलं तर त्याला आत पाठव."